केळी पिवळी पडली, त्यात न्यूट्रिनोचा काय दोष?

यावलच्या आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. न्यूट्रिनोचे किरण डोंगरही भेदतात, म्हणून त्यांची प्रयोगशाळा डोंगराखाली गाडतात. तमिळनाडूनंतर सातपुड्याचा नंबर. या किरणांनी माणसाला कॅन्सर होतो आणि केळी पिवळी पडते. मोठ्या काकांनी तो मला पाठवून खाली लिहिलं, 'तू हेच शिकते ना?' हो काका, हेच. पीएच.डी.चं तिसरं वर्ष आहे.

न्यूट्रिनो म्हणजे वीजभार नसलेले, जवळपास वजनच नसलेले सूक्ष्म कण. ते डोंगर भेदतात हे खरं. सूर्याकडून निघालेले सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. रात्रीसुद्धा, पायाखालच्या जमिनीतून येऊन. पण इजा करायची तर आधी धडकायला हवं. ते जवळपास कशालाच धडकत नाहीत, आमचं दुखणंच ते! भौतिकशास्त्रज्ञ पाउलींनी 1930 मध्ये या कणाची कल्पना मांडली, कण हाती लागायला 1956 उजाडलं.

मग डोंगर कशाला? मेसेजवाल्याने इथे उलटंच धरलंय. बाहेरचं आत येऊ नये म्हणून डोंगर लागतो. लॅबमध्ये कण टिपायला दोन मीटर लांब-रुंद अशा दोन काचांमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवून आम्ही गॅस सोडतो (बराचसा फ्रिजमध्ये असतो तोच) आणि दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब देतो. आकाशातून येणारा म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) आरपार गेला की विजेचा बारीक ठोका मिळतो. उघड्यावर असे सेकंदाला पाच-सहाशे. पोळ्याच्या ढोलांत कुणाची कुजबुज ऐकायची तशी गत. डोंगर हे म्यूऑन अडवतो, न्यूट्रिनो तेवढे आत येतात. म्हणून तर 1965 मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले गेले ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत.

सातपुड्याचं नाव भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या प्रकल्पात नाही. ठरलेली जागा तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या पोट्टिपुरमची. तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याला विरोध केला, त्यात वाघांच्या वाटेचा मुद्दा होता. त्यावर जरूर भांडावं. मेसेजात तो औषधालाही नाही.

कॅन्सरच्या ओळीत न्यूट्रॉन आणि न्यूट्रिनोची गल्लत दिसते. न्यूट्रॉन हा अणूच्या गाभ्यातला कण, त्याचा मारा खरंच घातक.

राहिली केळी. तिच्यातल्या पोटॅशियममुळे एकेका केळातून सेकंदाला दहा-बारा अँटिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचे प्रतिकण) बाहेर पडतात, पिढ्यान्‌पिढ्या. पानावरचे ते पिवळे पट्टे सीएमव्हीचे, म्हणजे काकडीवरही येणाऱ्या मोझॅक विषाणूचे आहेत, आणि तो पसरवतो मावा. काका, बांधाजवळची ती चार रोपं आजच उपटून नष्ट करा, आणि यंदा बागेत काकडी नको.