सेवा, व्यवसाय आणि उमेदवारी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील आमच्या सत्तरी तालुक्यातील एक काजू कारखानदार विधानसभेसाठी अपक्ष म्हणून उभे राहत आहेत, त्यांच्यावरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. व्यापारी राजकारणात येतो तो स्वतःचा व्यापार वाढवण्यासाठीच, हा पहिला; आणि त्यांची समाजसेवा म्हणजे आगाऊ केलेला प्रचार होय, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, आणि ते मी लेखातच मांडायला हवे होते.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे खाणमालक होते आणि 1963 साली सत्तेवर येण्यापूर्वीच दानशूर म्हणून लोकांना ठाऊक होते. त्यांच्या कारकिर्दीत खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि माझ्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांच्या हाती पाटी आली ती त्यामुळेच. एवढ्यावरून प्रत्येक धनिक उमेदवार भाऊसाहेब ठरत नाही, हे उघड आहे. परंतु धंदा करणारा माणूस लोकांचे काम करूच शकत नाही, हे विधान निदान गोव्यात तरी टिकत नाही.

समाजसेवेविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. जुलै 2021 मध्ये म्हादई नदीला पूर येऊन सत्तरीतील अनेक घरे पडली, तेव्हा काजूची पोती वाहणारा त्यांचा टेंपो तांदूळ, चटया आणि पिण्याचे पाणी घेऊन वाड्यावाड्यांवर फिरत होता, हे मी स्वतः पाहिले आहे. निवडणूक तेव्हा सात महिन्यांवर होती, असे आपण म्हणाल. पण फेब्रुवारी 2022 च्या त्या निवडणुकीत त्यांनी अर्ज भरला नाही, आणि कोणाचा प्रचारही केला नाही. म्हणून त्या मदतीवर संशय घेणे मला अन्यायाचे वाटते.

गेल्या वर्षी त्यांनी दिलेल्या रुग्णवाहिकेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्या दोन्ही बाजूंना त्यांचे नाव आणि छायाचित्र रंगवलेले आहे. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला 28 लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, पण हा हिशेब उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच धरला जातो. त्यापूर्वी वाटलेले काहीही त्यात येत नाही, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ही पळवाट आपोआप मिळते. आपला आक्षेप येथे योग्य आहे. त्यांनी ते छायाचित्र पुसून टाकावे, असे मला वाटते. रुग्णाला त्याचा काही उपयोग नाही.

व्यवसायाबाबत, ते सरकारी ठेके मिळवतील, अशी भीती आपण व्यक्त केली आहे. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा त्याचे काम करण्याचा चालू करार ज्याने आपल्या व्यवसायाच्या ओघात स्वतः केलेला आहे, तो उमेदवार 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 9अ नुसार अपात्र ठरतो, आणि अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता जाहीर करावी लागते. ही कागदपत्रे कोणालाही पाहता येतात; ती आपण दोघांनीही पाहावीत.

मला अधिक चिंता जमिनीची आहे. नगर व ग्रामनियोजन कायद्यात 2024 साली आलेल्या कलम 39अ मुळे अर्ज करून जमिनीचे क्षेत्र, म्हणजे शेती, निवासी अशी तिच्या वापराची वर्गवारी, बदलून घेता येते, आणि डोंगर, कुळागरे (नारळ-सुपारीच्या बागा) व शेते यांचे भवितव्य एकेका अर्जावर ठरू लागले आहे. ज्याच्या मालकीची काजूची बागायत डोंगरउतारावर आहे, तो आमदार झाल्यावर या कलमाकडे कसे पाहील, हा प्रश्न माझ्या लेखात नव्हता. असायला हवा होता, आणि आपल्या प्रतिक्रियेमुळेच तो माझ्या लक्षात आला, याबद्दल मी आपला आभारी आहे.

काल मी त्यांना पत्र पाठवून तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत : स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या जमिनीसाठी या कलमाखाली अर्ज करणार नाही अशी हमी, कारखान्याचे सरकारशी असलेले सर्व व्यवहार, आणि रुग्णवाहिकेवरील छायाचित्राबाबतचा निर्णय. त्यांचे उत्तर आले तर ते येथेच शब्दशः देईन. पंधरा दिवसांत आले नाही, तर तेही येथेच लिहीन.