घोयरा लाल चादरीवर लाल होत नाही, मावशी

रविवारी मावशीने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘सरडगुहिरा ज्या रंगावर ठेवाल तो रंग घेतो. नाही घेतला तर विषारी समजावा. त्याची नजर लागलेला माणूस वाळत जातो. दिसताच ठेचावा.’ सोबत गॉगलांवरून चालत रंग बदलणाऱ्या सरड्याचा व्हिडिओ. दुपारपर्यंत भाच्याने शेवग्यावरचा घोयरा, म्हणजे हाच सरडगुहिरा, इंग्रजीत शॅमेलिऑन, पकडून लाल चादरीवर ठेवलाही. तो काळवंडला, फुगला, आ वासून फुसकारू लागला. “मामा, विषारी निघाला!” पोराच्या हातात दगड होता.

विषाचंच आधी घेतो, कारण जीव त्यापायी जातो. घोयऱ्याला विष नसतं. ना दातांत, ना थुंकीत. डिवचला तर चावेल, तेवढंच. काळा पडला तो घाबरून. उचलून चादरीवर आपटल्यावर त्याने काय गुलाबी व्हायचं होतं? म्हणजे ही ‘परीक्षा’ अशी की पकडलेला प्रत्येक घोयरा तीत नापास होणार आणि मरणार. वर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी. मारणं सोडा, पकडणंही गुन्हा. हे भाच्यालाही ऐकवलं.

आता रंग. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचा अभ्यास ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. त्याच्या कातडीतल्या पेशींत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी निवांत असला की जाळी दाट असते, निळा प्रकाश परत फिरतो आणि कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो हिरवा दिसतो. समोर दुसरा नर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि अंग पिवळं, नारिंगी होत जातं. नर चिडतो म्हणून रंग बदलतो. खाली चादर कुठली आहे हे कातडी बघत नाही. आपला घोयरा वेगळ्या जातीचा, त्याच्यात एवढे भडक रंग नाहीत, पण चादर बघून रंग घेणं त्यालाही जमत नाही.

व्हिडिओ गॉगलच्या जाहिरातीचा आहे, संगणकावर केलेला. नजर लागून माणूस वाळतो, यावर मी बोटं झिजवणार नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. लपण्यात घोयरा पटाईत आहेच. मुळातच हिरवा, अंग पानासारखं चपटं, आणि वाऱ्यावर पान हलावं तसा झुलत पाऊल टाकतो. दक्षिण आफ्रिकेतले काही बुटके शॅमेलिऑन खायला आलेला पक्षी आहे की साप हे पाहून लपण्याचा रंग कमीजास्त करतात, हेही नोंदलेलं आहे. पण ते हिरव्या-तपकिरीतलंच. लाल चादर, निळा गॉगल यांचा तिथे संबंध नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. भाच्याने घोयरा शेवग्यावर परत सोडला. मावशीने अंगठा दाखवला आणि खाली विचारलं, “बरं, पण पाल तरी विषारी असते ना रे?”