वीस ग्रॅम कमी

गेल्या रविवारी सकाळी, ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या घराच्या उंबरठ्यावर, कोल्डप्ले या जगप्रसिद्ध बँडच्या नव्या अल्बमची किंमत एक रुपया वीस पैसे ठरली. ती ठरवणारे आमचे रद्दीवाले मामा होते. भाव कमी लागला याचा राग आलाच, पण त्याहून अधिक राग याचा आला की मामा जे जे बोलले, त्यातले बरेचसे मी गेले कित्येक दिवस मनात दाबून ठेवले होते.

घडले ते असे. बायकोने माळा आवरायला काढला होता. वर्तमानपत्रांचे गठ्ठे दारात रचले होते, कॅसेटींचा जुना खोका खाली उतरला होता, आणि आदल्या रात्री ऐकून मी टेबलावर ठेवलेली ‘मून म्यूझिक’ या त्याच नव्या अल्बमची तबकडी कुठल्याशा पुरवणीखाली सरकली होती. मामांनी पुरवण्या उचलल्या तशी ती त्यांच्या हातात आली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, कडेला नखाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, ही बाटली आहे.”

मी म्हणालो, “मामा, ती तबकडी आहे. तिच्यावर गाणी आहेत.”

“गाणी असतील. पण मुळात ही पाण्याची बाटली आहे.”

यावर मला काहीही बोलता येईना, कारण मामांचे म्हणणे शब्दशः खरे होते. एरवी तबकडी ज्या प्लॅस्टिकची करतात ते या तबकडीत नाही. पेट या प्लॅस्टिकच्या, वापरून फेकलेल्या नऊ बाटल्यांपासून ही एकशे चाळीस ग्रॅमची तबकडी तयार होते, असे बँडनेच मोठ्या अभिमानाने जाहीर केले होते. जी गोष्ट मला अल्बमविषयीची सगळी माहिती वाचल्यावर कळली, ती मामांना एका टिचकीत कळली. पंचवीस वर्षे या बँडचे संगीत कान देऊन ऐकणारा मी, आणि खरा कान मात्र मामांचा निघाला.

आपलीही थोडी जाण दिसावी म्हणून मी त्यांना नऊ बाटल्यांची हकिकत सांगितली, आणि तिथेच फसलो. मामांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला, आमच्या दारातल्या स्टुलावर ते बसले आणि हिशेब मांडू लागले. “लिटरची बाटली वीस-बावीस ग्रॅम भरते. नऊ बाटल्यांचे एकशे नव्वद ग्रॅम झाले. तुम्ही म्हणता एकशे चाळीस. मग मधले पन्नास ग्रॅम कोणी खाल्ले?”

“बाटल्या लहान असतील,” मी म्हणालो.

“मग तसे सांगावे. आणि बुचे धरली की सोडली? बूच वेगळ्या प्लॅस्टिकचे असते, साहेब. चुरा करून पाण्यात टाकला की बाटली तळाला जाते आणि बूच तरंगते. त्यावरून तर वेगळे करतात. लेबलही काढावे लागते. हे सगळे कोण करत होते? गाणारे करत होते का?”

लंडनच्या चार सद्गृहस्थांच्या वतीने मी काय उत्तर देणार? मी एवढेच म्हणालो की गाणारे हे काम स्वतः करत नाहीत, मात्र त्यांची तळमळ फार मोठी आहे. प्रदूषण कमी कसे करता येईल हे कळेपर्यंत दौराच काढणार नाही, असे त्यांनी २०१९ साली सांगितले होते. पुढे दौरा काढला तो प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावण्याच्या वचनावर, आणि प्रेक्षकांनी नाचून वीज तयार करावी म्हणून मैदानात खास जमीनही बसवली. मामांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुम्ही गेला होतात का नाचायला?”

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. २०२५च्या जानेवारीत, १८, १९ आणि २१ तारखेला, हा बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये गाऊन गेला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ अर्ध्या तासावर आहे. ज्यांच्यासाठी मी तारुण्यात सातासमुद्रापार जाण्याची स्वप्ने पाहिली ते अर्ध्या तासावर आले आणि मला तिकीट मिळाले नाही. २२ सप्टेंबरच्या दुपारी तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा मी जेवणाचे ताट बाजूला सारून संगणकापुढे बसलो होतो. माझा रांगेतला क्रमांक सात लाखांच्या पुढचा निघाला. वाट पाहून दुपार सरली, वरण निवले, आणि नंतर तीच तिकिटे अनेक पटींनी विकायला निघालेली पाहिली. हा चावटपणा मी अजून विसरलेलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही. ज्याचा जन्म पहिल्या अल्बमनंतर झाला त्या माझ्या भाच्याला मात्र तिकीट मिळाले. हातात बांधायला दिलेला दिव्यांचा पट्टा कार्यक्रमानंतर परत करायचा असतो, तोही या पठ्ठ्याने केला नाही. तो आता त्याच्या बाइकच्या आरशाला लटकतो आहे. मी गेलो असतो तर सर्वांत आधी परत केला असता. तेवढ्यावरच समाधान मानायचे म्हणून फेब्रुवारीत मी साडेतीन हजार रुपये मोजून ही तबकडी आणवली.

“साडेतीन हजार?” असे मामा आणि माझी बायको एकदमच म्हणाले. बायकोला मी पंधराशे सांगितले होते.

विषय बदलावा म्हणून मी मामांना तबकडीचे वजन करायला सांगितले. त्यांनी हुकाच्या काट्याला पिशवी अडकवून तिच्यात ती ठेवली. आकडा उमटला एकशे वीस. मी वीस ग्रॅम कमी असल्याची तक्रार केली. मामांचा काटा आमच्या वर्तमानपत्रांनाही नेहमी असाच कमी भरतो, हे सबंध इमारतीला ठाऊक आहे. मामा मात्र डगमगले नाहीत. ते म्हणाले, “काटा बरोबर आहे. मालच कमी आहे.” मग त्यांनी किलोला दहा रुपयांप्रमाणे आकडेमोड करून एक रुपया वीस पैसे हा निकाल दिला.

मालच कमी आहे. हे वाक्य मला जिव्हारी लागले. ‘मून म्यूझिक’ आले ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि पहिल्यांदा ऐकले तेव्हापासून मला हेच वाटत आले आहे, पण उघडपणे म्हणायचा धीर झाला नव्हता. अल्बमात दहा गाणी आहेत. त्यांतल्या एकाला शीर्षकच नाही. शीर्षकाच्या जागी इंद्रधनुष्याचे चित्र आहे, त्यामुळे उद्या कोणी रेडिओवर फर्माईश करायची म्हटले तर फोनवर चित्र काढून दाखवावे लागेल. २००० सालच्या ‘पॅराशूट्स’ या पहिल्या अल्बमात एका खोलीत बसलेली चार माणसे ऐकू यायची. गिटारची तार दाबतानाचे बोट कळायचे, आणि बँडचा गायक क्रिस मार्टिन याचा आवाज आपल्याला गाता येते की नाही या शंकेनेच जणू कापायचा. आता निर्मितीला मॅक्स मार्टिन आहेत, ज्यांच्या हातून निघालेली गाणी निम्म्या जगाने नाचत ऐकली. पाहुणे गायक येतात आणि जातात, प्रत्येक गाणे आपल्याला मिठी मारायला धावते, आणि त्या गर्दीत ती चार माणसे मला सापडत नाहीत. बरे, रागवावे तर तेही जमत नाही. जो माणूस झाडे लावतो, नदीतला कचरा काढणाऱ्यांना मदत करतो आणि सर्वांनी एकमेकांवर प्रेम करावे असे म्हणतो, त्याच्यावर रागावणारा मनुष्य नीचच ठरणार. ही माझी फार अडचण झाली आहे.

शिवाय नववे गाणे आहेच. त्यात पियानो आहे, साधी चाल आहे, आणि ते लागले की मला २००२ सालच्या पावसाळ्यातली, डोंबिवली लोकलच्या दारात उभे राहून वॉकमनवर ऐकलेली संध्याकाळ आठवते. ते गाणे मी आजवर किती वेळा ऐकले हे सांगणार नाही.

मामांनी तेवढ्यात कॅसेटींचा खोका ओढला, दोन-चार कॅसेटी उलटसुलट करून पाहिल्या आणि तो तसाच परत सरकवला. “हे नको.”

“का नको?” मी विचारले. त्या खोक्यात ‘पॅराशूट्स’ होती, ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’ होती, पोटाला चिमटा काढून जमवलेल्या सव्वाशे-दीडशे रुपयांची एकेक होती.

“कॅसेट कोणी घेत नाही. आत फीत असते, ती मशीनमध्ये गुंडाळते. फुकट दिलीत तरी नेणार नाही. त्यापेक्षा ही नवी बरी, हिला भाव आहे.”

मी ज्यांच्यावर जीव टाकला त्या अल्बमांची किंमत शून्य आणि ज्याला मी नावे ठेवतो त्याला एक रुपया वीस पैसे, असा बाजाराचा कौल पडला. मग मी चिडून मामांना थांबवले आणि तबकडी यंत्रावर चढवली. त्यांनी काखेत गठ्ठा धरून, उभ्यानेच शेवटचे गाणे संपेपर्यंत ऐकले. बायकोही झाडू हातात धरून थांबली होती.

“चांगले आहे,” मामा म्हणाले. “शेवटी तेच तेच म्हणतात, आरतीसारखे. सगळ्यांना येईल.”

“पण पहिले जास्त चांगले होते,” मी म्हणालो. मी हे पहिल्यांदाच कोणापुढे तरी मोठ्याने बोललो होतो.

“पहिल्याचे तसेच असते,” असे म्हणून मामांनी वर्तमानपत्रांचे एकशे चौदा रुपये बायकोच्या हातावर ठेवले. तबकडी ज्यातून आली होती तो पुठ्ठ्याचा खोका मात्र त्यांनी दुमडून गोणीत भरला. पुठ्ठ्याला भाव चांगला आहे म्हणाले. जिना उतरताना मागे वळून त्यांनी विचारले, “यांचे असे आणखी काही येणार आहे का?”

क्रिस मार्टिनने बारा अल्बमांनंतर थांबणार असल्याचे सांगितले आहे आणि हा दहावा आहे.

“अजून दोन,” मी म्हणालो.

“मग खोके फाडू नका,” मामा म्हणाले.