शंभर क्रौंच आणि मी

६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनाला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं ‘शांती आणि करुणा’ प्रदर्शन भरवायचं ठरलं. चित्रं मुलांची, आणि मधोमध टांगायला एक हजार कागदी क्रौंच मोठ्यांचे. “शंभर माझे!” मी मीटिंगमध्ये हात वर केला. साधी होडी, शिडाची होडी, बाण हे सगळं मला येतं. पक्षी म्हणजे होडीला पंख, एवढाच माझा हिशेब.

शिकवायला दुसऱ्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी आली.

“काका, हा चौकोन नाहीये.”

घोटीव कागद मी अंदाजाने कापला होता. दोन मिलिमीटरचा फरक. तो सुरुवातीला कुठेच दिसत नाही, थेट चोचीत निघतो. “काका, बोटाने नाही, नखाने दाबा.” मग ती जीवघेणी घडी : वरचा पदर उचलायचा, दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि त्याची लांबट होडी करायची. “बघ, होडीच निघाली!” मी म्हणालो. ती हसली नाही. करुणेच्या प्रदर्शनाची शिक्षिका, पण तिच्यापाशी करुणा नावाला नव्हती.

क्रौंच मेलेला पाहून वाल्मीकींना श्लोक स्फुरला. माझा क्रौंच पाहिला असता तर त्यांनी शिकाऱ्याला सोडून मलाच शाप दिला असता.

घड्या घालता घालता तिने सादाकोची गोष्ट सांगितली. बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची. १९५५ साली ल्युकेमिया होऊन ती इस्पितळात गेली. हजार क्रौंच केले की मनातली इच्छा पुरी होते म्हणून करायला लागली, औषधांच्या पुड्यांच्या कागदांचेसुद्धा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली, बारा वर्षांची. मग शाळासोबत्यांनी निधी जमवायला सुरुवात केली आणि १९५८ साली तिथे मुलांचं स्मारक उभं राहिलं. मी पुढचे तीन पक्षी मुकाट्याने केले. तिन्ही बरे झाले.

चौथ्यापासून परत बोलायला लागलो.

गुरुवारी रात्री साडेअकराला चाळीस झाले होते. “अहो, ती पोर आजारपणात करत होती,” बायको म्हणाली, “आणि तुम्ही पंख्याखाली बसून कण्हताय!” पंखा लावला की क्रौंच उडतात, बंद केला की मी शिजतो, हे तिला कोण सांगणार? एकसष्टाव्याला मान दोन्ही बाजूंना फुटली. टाकवेना म्हणून तोही धरला.

प्रदर्शनात मुलांची चित्रं छान होती. एकतीस चित्रांत कबुतर. पिकासोने १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी कबुतर दिलं, तेव्हापासून शांती म्हटलं की कागदावर तेच उतरतं. ती बघायला आलेल्या यच्चयावत मंडळींच्या गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी आहे. माझ्याही.

मधल्या झुंबरात माझे क्रौंच कुठे दिसेनात. शेवटी सापडले, चपलांच्या स्टँडवर. “तिकडे जरा ओकंबोकं वाटत होतं,” सेक्रेटरी म्हणाले. एक आजोबा बराच वेळ मान वर करून उभे होते. “ही वटवाघळं म्हणजे युद्धाचं प्रतीक का हो?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

आता महिना झाला, पण बोटं काही थांबत नाहीत. बिलं, पावत्या, लग्नाच्या पत्रिका, हाताला लागेल ते चौकोनी करून घडी पडते. परवा बसमध्ये तिकीट तपासनीस आला. मी खिशातून क्रौंच काढून दिला.

त्याने तो उलटसुलट केला, एकेक घडी सावकाश उलगडली, तिकिटाचा आकडा वाचला. मग परत होता तसा दुमडून माझ्या हातात ठेवला.

“चोच उलटी दुमडली होती साहेब,” तो म्हणाला, आणि पुढच्या सीटकडे वळला.