ढगफुटी नव्हे, ढगफुटीसदृश

‘ढगफुटीसदृश पाऊस’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याला एखाद्या महापालिकेने मानपत्र द्यायला हवं. दर पावसाळ्यात वाशी-नेरूळहून व्हिडिओ येतात: गुडघाभर पाणी, बंद पडलेल्या रिक्षा आणि खाली पट्टी, ‘नवी मुंबईत ढगफुटीसदृश पाऊस’. रॉटरडॅममध्ये बसून मी त्या पट्टीत आकडा शोधतो. तो नसतो.

ढगफुटीला हवामान खात्याच्या लेखी पक्का अर्थ आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. महसूल खात्याच्या ‘अतिवृष्टी’लाही माप आहे: महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. त्यावर शेतकऱ्याचा पंचनामा आणि भरपाई ठरते, म्हणून तो शब्द कुणी उगाच उधळत नाही. ‘सदृश’ला मात्र ना माप, ना जबाबदारी. त्यापेक्षा आमची आजी ‘आभाळ फाटलं’ म्हणायची ते बरं. निदान त्यात शास्त्राचा आव नव्हता.

इथे डच भाषेतही ‘वोल्कब्रेउक’ आहे, शब्दशः ढगफुटीच. पण त्याची अट तासाला २५ मिलिमीटर, किंवा पाच मिनिटांत १०. एवढ्या पावसात आपल्याकडे लोक भजी तळायला घेतात. या देशात वर्षाला सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ ला एकट्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. (त्याच दिवशी कुलाब्याला ७३. ढग असेच पक्षपाती असतात.) तेव्हा ‘नेदरलँड्सकडून शिका’ असं ग्रुपवर ठोकून देणाऱ्या माझ्यासारख्याच परदेशस्थांचा मला वैताग येतो.

शिवाय नवी मुंबई ते कधीच शिकली आहे. सिडकोने खाडीकाठची भर घातलेली जमीन वसवली तेव्हा डच धर्तीवरच धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा बंद होतात, शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. कल्पना उत्तम. पण तलावात वर्षानुवर्षं गाळ साठला, गाळात खारफुटी उगवली, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढणं परवानग्यांत अडकलं. खारफुटी तोडा असं मी म्हणत नाही, तीही पुराला अडवते. पण तलावात जागाच उरली नसेल, तर भरतीच्या वेळी तासाला ४० मिलिमीटर पाऊसही सेक्टरमध्ये शिरणार. त्याला ढग फुटावा लागत नाही. ‘ढगफुटीसदृश’ म्हटलं की दोष आभाळाचा, आणि गाळाची फाइल जिथल्या तिथे.

नेरूळचा शाळेतला मित्र यावर चिडतो. ‘घरात पाणी शिरल्यावर मिलिमीटर मोजत बसू का?’ नको, त्याने हवं ते म्हणावं. ज्याच्या घरात पाणी, त्याला सगळं माफ. माझा आक्षेप वाहिनीच्या पट्टीला आणि प्रशासनाच्या खुलाशाला आहे.

इथल्या वाहिन्याही काही वेगळ्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये लिम्बुर्ग प्रांतात पूर आला तेव्हा त्यांनी ‘वॉटरबॉम्ब’ शब्द उचललाच. फरक आहे तो पुढे. इथे पाण्यासाठी वेगळं, निवडून दिलेलं मंडळ असतं आणि त्याच्या कराचं वेगळं बिल घरी येतं. ते भरताना मी मराठीत शिव्या घालतो, पण पंप बंद पडला तर कुणाला विचारायचं हे मला ठाऊक असतं. नवी मुंबईत २०२० पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते.

‘सदृश’च्या बाजूने एकच प्रामाणिक मुद्दा आहे. ढगफुटी लहान टापूत होते, ती दोन पर्जन्यमापकांच्या मधेच पडली तर नोंदच होत नाही. मग वाशी-नेरूळसारख्या प्रत्येक नोडमध्ये मापक बसवा, आणि पाणी तुंबल्यावर खुलाशात चारच गोष्टी छापा: त्या तासाचा पाऊस, भरतीची वेळ, पंप किती चालू होते, आणि त्या तलावातला गाळ शेवटचा कधी काढला.