रोही मारायची परवानगी, पण पिकाचं काय?

पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी असावी, या मताचा मी आहे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून 'आला प्राणीमित्र' म्हणणारे तयारच असतात. आमच्या यवतमाळकडे ज्यानं हरभऱ्यावर जागल केली, त्याला रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, कौतुक सांगायला जाऊ नये. कळप रात्री वावरात उतरतो, कोवळे शेंडे खुडतो आणि खातो त्याहून जास्त तुडवतो. सकाळी सरीसरीत खुरांचे खळगे आणि लेंड्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुन्या लुगड्यांचं कुंपण, ऐपत असेल तर झटका मशीन (जीव न घेता नुसता झटका देणारं वीजकुंपण), नसेल तर मचाणीवर बसून फटाके. काही जण थेट खांबावरून तार ओढतात. त्या करंटनं कधी वाघ मरतो, कधी शेजारच्या वावरातला माणूस.

तेव्हा राग परवानगीवर नाही. ती वापरतात कशी, यावर आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 11 उभ्या पिकाला धोका झालेलं जनावर मारू देतं. लेखी आदेश हवा, कारण हवं, क्षेत्र ठरलेलं हवं. एवढं नीट पाळलं तरी पुरे. दुसरी वाट जनावराला 'उपद्रवी' जाहीर करण्याची, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या मुदतीत त्याचं कायद्याचं संरक्षणच काढून घेण्याची. डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं बिहारच्या काही जिल्ह्यांसाठी ती धरली, आणि जून 2016 मध्ये मोकामा टालमध्ये हैदराबादहून बोलावलेल्या शिकाऱ्यांनी 200 हून अधिक रोही मारले. मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकाच सरकारातले दोन मंत्री, त्यावरून जाहीरपणे भिडले. चॅनलवाल्यांची चंगळ झाली.

आता जरा शेतकऱ्याच्या डोक्यानं विचार करा. टाल म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी जमीन. तिथं पीक रब्बीचं, मसूर-हरभरा. जूनमध्ये ते केव्हाच घरात आलेलं असतं. मग बंदूक चालली तेव्हा वावरात वाचवायचं होतं काय? मोकळं रान, लांबून दिसणारं जनावर, टिपायला सोपं. पुढच्या मसुरीला त्याचा फायदा झाला का, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. आणि 2019 मध्ये तिकडेच, वैशाली जिल्ह्यात, गोळी लागलेला पण जिवंत रोही जेसीबीनं खड्ड्यात लोटून पुरला. व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. यानं कुठल्या शेतकऱ्याचं एक पोतं वाढलं?

मेलेल्या जनावराचाही प्रश्न आहेच. केरळात 2022 पासून गावपातळीवर रानडुक्कर मारायची परवानगी मिळते. मारलेलं पुरायचं, खायचं नाही. 'एवढं मटण मातीत घालता, गरिबाला वाटा की' असं बरेच म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण मटणाला गिऱ्हाईक मिळालं की ज्याच्या वावरात डुक्कर फिरकतही नाही, तोही नुकसानीचा अर्ज घेऊन उभा राहील. अमेरिकेत शिकारीचं हरणाचं मांस विकता येत नाही, पण अन्नछत्राला देता येतं. मला तेवढं पटतं. मात्र तिथंही पिकासाठीच्या परवानग्या बऱ्याचदा ऐन उन्हाळ्यातल्या असतात. उन्हात मांस तासाभरात नासायला लागतं, आणि अंगावर पिणाऱ्या पाडसाची आई पडली की ते पाडसही गेलं. तो हिशेब कागदावर येतच नाही.

आमचे एक काकाजी आहेत, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर जागल केलेले. मी विषय काढला तर म्हणाले, "गोळीनं का होते बावा? आज चार मारसान, उद्या आठ येतीन. माह्या वावराले तारेचं कुंपण देऊन दे." रानडुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं घालते, म्हणजे काकाजींचा हिशेब फारसा चुकत नाही.

माझं मागणं छोटं आहे. परवानगी द्या, पण त्या वावराला द्या, त्या हंगामात द्या, आणि आधी कुंपणाचं अनुदान मिळालं का ते तपासा. अर्जावर आणखी दोन रकाने वाढवा: मारल्यानंतर महिन्याभरात नुकसान कमी झालं का, आणि मारलेल्या जनावराचं काय केलं. दोन्ही रकाने भरल्याशिवाय त्या गावाला पुढची परवानगी देऊ नका. पंचनाम्याला यायला फॉरेस्ट गार्डला वेळ नसतो, हे मला माहीत आहे. पण शिकाऱ्याबरोबर फोटो काढायला मात्र साहेबापासून सगळे हजर असतात.