छंदाचा रकाना

शाळेच्या वार्षिकांकात या वर्षी विद्यार्थ्यांच्या कवितांबरोबर शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्या छंदांचीही ओळख छापावी, अशी कल्पना मुख्याध्यापिकाबाईंना सुचली आणि भाषेचा शिक्षक म्हणजे फुकटचा संपादक या जगन्मान्य नियमानुसार ते काम माझ्याकडे आले. प्रत्येकाकडून एक तक्ता भरून घ्यायचा होता : नाव, काम, सेवेची वर्षे आणि छंद. पहिले तीन रकाने सर्वांनी उभ्या उभ्या भरले. चौथ्या रकान्याने मात्र माझे दीड महिन्याचे सगळे मोकळे तास गिळले, कारण ज्याला खरोखर छंद असतो तो माणूस तो एका शब्दात कधीच लिहून देत नाही. तो आपल्याला बसवून घेतो.

माझ्यापुरता मी हा प्रश्न 'वाचन' असे लिहून सोडवला होता. बाईंनी तो शब्द खोडला. "भाषेच्या शिक्षकाने वाचन हा छंद लिहिणे म्हणजे पोस्टमनने चालणे हा छंद लिहिण्यासारखे आहे," असे म्हणून त्यांनी तक्ता परत केला. "तुमचे मागाहून बघू, सर. आधी इतरांचे आणा."

मी ग्रंथपालबाईंपासून सुरुवात केली, ती त्या मितभाषी आहेत या समजुतीने. टपालतिकिटांचा अल्बम उघडताच ती समजूत संपली. १८४० साली निघालेल्या 'पेनी ब्लॅक' या जगातल्या पहिल्या चिकटवायच्या तिकिटाला कडेची छिद्रेच नव्हती आणि ती तिकिटे कात्रीने कापून द्यावी लागत, येथून निघून त्या दर २ सेंटिमीटरमध्ये छिद्रे किती हे मोजण्याच्या पट्टीपर्यंत आल्या. त्यांनी चिमट्यात धरून दाखवलेली दोन तिकिटे मला तंतोतंत सारखी वाटली. एकाची छिद्रे १४ होती आणि दुसऱ्याची १५. हा फरक मला दिसला नाही, याचे दुःख त्यांना ग्रंथालयातल्या पुस्तकाचे पान फाटल्याइतके झाले.

भूगोलाच्या सरांनी मला एका रात्री गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून शनी दाखवला. ज्या कड्यांसाठी हा ग्रह ओळखला जातो, ती २०२५ साली पृथ्वीवरून नेमकी कडेने दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसत नव्हती. असे साधारण १३ ते १५ वर्षांतून एकदा घडते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला तो त्याच वर्षी. "१६१२ साली गॅलिलिओलाही कडी दिसेनाशी झाली होती," असे सर कौतुकाने म्हणाले. थंडीत मान वाकडी करून तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला एवढी मोठी सोबतही फारशी ऊब देत नाही.

गणिताच्या बाईंचे काम लवकर आटोपले. रुबिकचा ठोकळा कितीही बिघडवला, तरी तो जास्तीत जास्त २० चालींत सुटू शकतो, हे २०१० साली सिद्ध झालेले आहे, एवढे सांगून त्यांनी तो माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडेच आहे.

शिपाईमामांच्या छंदाचा संबंध मात्र साऱ्या शाळेशी आहे, हे मला उशिरा कळले. मामा लंबकाची जुनी घड्याळे दुरुस्त करतात आणि त्यांतल्याच एका लाडक्या घड्याळाबरहुकूम ते तासाची घंटा देतात. हे घड्याळ गेली कित्येक वर्षे दिवसाला ४ मिनिटे मागेपुढे होत असल्यामुळे काही शिक्षकांचे धडे अर्धवट राहतात आणि काहींचे संपता संपत नाहीत. मी विषय काढताच मामांनी उन्हाळ्याकडे बोट दाखवले : उष्णतेने लंबकाचा दांडा लांबतो, लांबला की झोका मंदावतो. तत्त्व निर्दोष होते. पण पदार्थविज्ञानाच्या बाईंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला की, तापमान १० अंशांनी वाढले, तर पोलादी दांड्याचे घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडते. उरलेल्या ३ मिनिटे ५५ सेकंदांचे काय, असे त्यांनी विचारले. मामांनी लंबकाखालची चकती अर्धा आटा फिरवली आणि म्हणाले, "बाई, हे पुस्तकातलं घड्याळ नाही."

यानंतर राहिले क्रीडाशिक्षक. उंची वाढावी म्हणून साऱ्या शाळेला आडव्या दांडीला लोंबकळायला लावणारा हा गृहस्थ घरी बोन्साय करतो, म्हणजे झाडांना वाढू देत नाही. दर दोन-तीन वर्षांनी मुळे छाटायची, फांद्यांना तार गुंडाळून हवे ते वळण द्यायचे आणि तार सालीत रुतायच्या आत काढायची, हे सर्व त्यांनी मला शिट्टी गळ्यात ठेवून तासभर ऐकवले. मुख्य लिपिकांनी "सेवापुस्तकात छंदाचा रकाना नाही" असे सांगून तक्ता कोरा दिला. पगारबिले त्यांच्याकडून जात असल्यामुळे मी आग्रह केला नाही.

माझा रकाना शेवटपर्यंत रिकामाच होता. मुद्रितशोधनही माझ्याकडेच होते. पण मी नेमक्या त्या पानावर असताना ग्रंथपालबाई नवे तिकीट घेऊन आल्या. अंक हातात पडला तेव्हा माझ्या नावापुढे 'बोन्साय (मुळे छाटणे व वळण लावणे)' असे छापलेले होते आणि क्रीडाशिक्षकांच्या नावापुढे एक रेघ होती. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

पालक मात्र बोलू लागले. मुलाच्या प्रगतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून ते आपल्या झाडाची पाने का पिवळी पडतात हे विचारतात आणि मी गंभीर चेहऱ्याने पाणी कमी घालायला सांगतो. गेल्या आठवड्यात तर एक पालक चक्क कुंडीच घेऊन आले. फांदीची तार सालीत पार रुतली होती. "उलगडू नका, साल सोलून निघेल. तुकडे तुकडे कापून काढा," असे मी म्हणालो आणि मागे वळून पाहिले, तर क्रीडाशिक्षक दारात उभे होते.

"कापून काढा हे बरोबर," महिन्याभराने ते प्रथमच माझ्याशी बोलले. "पण पक्कड कोणती, ते नाही सांगितलंत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पालकांना आणि मला दोघांनाही बसवले आणि कुंडी आपल्याकडे वळवली. तेवढ्यात घंटा झाली. मी आशेने घड्याळाकडे पाहिले. तास संपायला अजून ४ मिनिटे होती.